कॅलिफोर्नियात नोटरी व्हायचंय: १५ हजारांचा बॉण्ड, शपथ आणि बाकीच्या भानगडी

अळूवडी
नमस्कार मंडळी. फ्रीमाँटला राहते. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. लग्नाआधी आणि नंतरही ठाण्याला बँकेत होते. कर्जाच्या फायली, जामीनदारांच्या सह्या, केवायसी हेच काम. आता इथे मुलींच्या शाळेच्या वेळा सांभाळून जमेल असं काहीतरी शोधतेय. लायब्ररीत भेटणाऱ्या एक बाई नोटरी आहेत, त्यांनी हे डोक्यात घातलं.

राज्याच्या संकेतस्थळावरची पुस्तिका वाचली आणि प्रश्न वाढले. नागरिकत्व नसेल तर चालतं का? १५,००० डॉलरचा बॉण्ड म्हणजे तेवढे पैसे अडकवून ठेवायचे? मुदत ठेव तारण ठेवून भागेल का? आणि आमच्या घरातली मुख्य शंका अशी की भारतात नोटरी म्हणजे मुरलेला वकील, मग इथे सहा तासांच्या वर्गावर कुणीही नोटरी कसं होतं? नवऱ्याला अजून हे सगळं बनावट वाटतंय. कुणी केलंय का हे काम?

टवाळ
नवऱ्याला सांगा, शिक्का आला की घरातल्या सगळ्या कबुल्या नोटराइझ करून घेणार. एकदम पाठिंबा बंद होईल नाहीतर डबल होईल.

निवांत
मी सॅन होजेत फिरता नोटरी आहे. जमेल तसं लिहितो, टप्प्याटप्प्याने.

नागरिकत्वाची अट नाही. वय १८ पूर्ण आणि कॅलिफोर्नियात कायदेशीर वास्तव्य, एवढं पुरतं. काही राज्यांत पूर्वी ही अट होती. टेक्सासची अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बर्नाल विरुद्ध फेंटर खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केली. अर्जदार मेक्सिकोत जन्मलेला, कायम वास्तव्याचा परवाना असलेला. शेतमजुरांना कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेत काम करायचा आणि मजुरांच्या जबान्यांवर त्यालाच शपथ देता यावी म्हणून नोटरी व्हायला निघाला होता. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी निकालात जे मांडलं त्याचा आशय असा, की नोटरीचं काम मुळात कारकुनी आहे, त्यात राज्याचं धोरण ठरवण्यासारखं काही नाही, मग परक्या नागरिकाला बाहेर का ठेवायचं? तुमच्या मिस्टरांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. इथला नोटरी कायद्याचा सल्ला देत नाही, द्यायचाच नसतो. समोरचा माणूस तोच आहे ना आणि तो राजीखुशीने सही करतोय ना, एवढं तो बघतो.

क्रम असा. राज्याने मान्य केलेला सहा तासांचा अभ्यासक्रम (पुढे नूतनीकरणाला तीन तासांचा), मग तासाभराची पर्यायी उत्तरांची लेखी परीक्षा. ७० गुणांना पास. परीक्षा आणि अर्ज मिळून ४० डॉलर, पासपोर्टच्या मापाचा फोटो तिथेच द्यायचा. पास झालात की लाइव्ह स्कॅनला, म्हणजे यंत्रावर, बोटांचे ठसे. ते राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. सगळं ठीक असेल तर कमिशनचा, म्हणजे नोटरी म्हणून नेमणुकीचा, लिफाफा घरी येतो. कमिशन चार वर्षांचं.

एक सांगून ठेवतो. अर्जात पूर्वीच्या शिक्षा विचारतात, तिथे न्यायालयाने नंतर काढून टाकलेलीसुद्धा लिहायची. पुष्कळांना दारू पिऊन गाडी चालवल्याचं जुनं प्रकरण 'ते तर मिटलं' म्हणून लिहावंसं वाटत नाही. ठशांत ते निघतंच. मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवल्याबद्दल अर्ज फेटाळला जातो.

बॉण्डचं जेवून येऊन लिहितो.

हिशेबी
तोवर मी सांगतो, सोपं आहे. चार वर्षांचे ४०-५० डॉलर भरायचे, १५ हजारांचं संरक्षण मिळतं. विमाच तो. काही चूक झाली तर कंपनी बघून घेते. पंधरा हजार कुणी अडकवत नाही, निश्चिंत राहा.

निवांत
हिशेबी, ४०-५० डॉलरचं आणि पैसे न अडकण्याचं बरोबर. मधलं विम्याचं नाही, आणि नेमकं तेच महागात पडतं.

बॉण्डमध्ये तीन बाजू असतात. तुम्ही, जामीन राहणारी कंपनी आणि ज्यांच्यासाठी जामीन दिलाय ती जनता. तुमच्या गैरकामामुळे किंवा हलगर्जीपणामुळे कुणाचं नुकसान झालं तर कंपनी त्या माणसाला जास्तीत जास्त १५,००० डॉलरपर्यंत भरून देते. तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही.

मुदत ठेवीचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट आहे की राज्यात मान्यता असलेल्या जामीन कंपनीचाच बॉण्ड हवा, त्याऐवजी रोख अनामत चालणार नाही.

अळूवडी
थांबा थांबा, हे तर माझ्या जुन्या टेबलावरचंच प्रकरण झालं. म्हणजे कंपनी जामीनदार आणि कर्जदार मी. जामीनदाराला भरावं लागलं की तो उद्या माझ्याच दारात वसुलीला उभा. असंच ना?

निवांत
अगदी असंच. बॉण्डचा अर्ज भरताना बारीक अक्षरात तुम्ही तेच कबूल करता, की कंपनीला जे भरावं लागेल ते मी परत करीन.

आणि १५ हजार ही कंपनीची मर्यादा आहे, तुमची नव्हे. कायद्यानुसार नोटरीच्या कर्तव्यात कसूर झाली तर झालेल्या सगळ्या नुकसानीला नोटरी आणि त्याचे जामीनदार दोघेही जबाबदार. आपल्या भागात घरांच्या किमती काय आहेत ते मी सांगायला नको. खोट्या सहीच्या हस्तांतरणावर तुमचा शिक्का असेल तर १५ हजार वकिलाच्या फीलाही पुरणार नाहीत.

हिशेबी, तुम्ही म्हणताय ते संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याला एरर्स अँड ओमिशन्स विमा म्हणतात. तो ऐच्छिक आहे, नकळत झालेल्या चुकांसाठी आहे, आणि तो खरोखर नोटरीला वाचवतो. मुद्दाम केलेल्या खोटेपणाला तोही हात लावत नाही. बॉण्ड विकणाऱ्या कंपन्या दोन्ही एकाच पाकिटात देतात, तिथेच लोकांचा गोंधळ होतो.

हिशेबी
बरं, मग मी स्वतःच्या खिशातून ५० डॉलर देऊन माझ्याविरुद्धच लोकांना जामीन मिळवून द्यायचा? अजब धंदा आहे.

निवांत
हो. परवान्याची किंमत समजा.

एडिसनकर
आमच्याकडे या, न्यू जर्सीत बॉण्डच नाही. सहा तासांचा वर्ग आणि परीक्षा आहे, कमिशन पाच वर्षांचं, ९० दिवसांत काउंटी (जिल्हा) क्लार्ककडे शपथ. फक्त साध्या नोटरीकामाला २.५० डॉलरच्या वर घेता येत नाही. अडीच डॉलरमध्ये एडिसनला वडापावसुद्धा येत नाही, त्यामुळे इथे हे काम बहुतेक लोक नोकरीचा भाग म्हणूनच करतात. नदीपलीकडे न्यूयॉर्कलाही बॉण्ड नाही, तिथे तर दोनच डॉलर.

वऱ्हाडी_ठेचा
डॅलसहून. आमच्याइकडे बॉण्ड १०,००० चा, कमिशन चार वर्षांचं, पण गंमत म्हणजे बॉण्ड अर्जासोबतच द्या लागते, कॅलिफोर्नियासारखा नंतर नाही. परीक्षा नाही. वर्गसुद्धा नव्हता आतापर्यंत, १ जानेवारी २०२६ पासून प्रशिक्षण बंधनकारक केलं. दर पहिल्या सहीला १० डॉलर, त्याच कागदावर पुढच्या प्रत्येक सहीला १. माझ्या बायकोनं दोन वर्षांपूर्वी काढलं तेव्हा घरबसल्या झालं होतं. फ्लोरिडात बॉण्ड साडेसात हजारांचा हाये अन् तिथला नोटरी लग्नसुद्धा लावून देते.

टवाळ
मंगलाष्टकं पण म्हणतो का?

वऱ्हाडी_ठेचा
तुम्ही म्हणा, तो सही करते.

पेठेतला_वकील
धागा पुण्यातून वाचतो आहे. धागाकर्तीच्या यजमानांची शंका रास्त आहे, म्हणून इकडचं सांगतो. भारतातला नोटरी कायदा १९५२ चा आणि नियम १९५६ चे. नोटरी व्हायला साधारणपणे दहा वर्षं वकिली झालेली असावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात वर्षं. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं, पाच वर्षांसाठी, मग नूतनीकरण. जामीन बॉण्डची भानगड नाही. आमच्याकडे अनुभवाची अट घालून माणूस पारखायचा, तुमच्याकडे कुणालाही येऊ द्यायचं पण ठसे घ्यायचे आणि जामीनदार मागायचा. दोन्हीकडे फसवणारे फसवतातच.

निवांत
वकीलसाहेब, तुम्ही आलात ते बरं झालं. ताईंना मिळणारं निम्मं काम तुमच्या शहराकडे जाणाऱ्या कागदांचंच असेल. पण आधी तीस दिवसांची गोष्ट सांगतो, कारण परीक्षा पास होणारे लोकसुद्धा इथे घसरतात.

कमिशनच्या पत्रावर सुरुवातीची तारीख छापलेली असते. त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत शपथ आणि बॉण्ड, दोन्ही कागद तुमच्या कामाचं मुख्य ठिकाण ज्या काउंटीत आहे तिथल्या क्लार्ककडे दाखल झालेले हवेत. ३० म्हणजे सुट्ट्या धरून ३०. पत्र हातात आलं तेव्हापासून नव्हे. मुदतवाढ नाही. चुकलात तर कमिशन गेलं, परत अर्ज. आणि हे दोन्ही दाखल होईपर्यंत एकाही कागदावर शिक्का मारायचा नाही, भले शिक्का तयार होऊन घरी आलेला असो.

तुम्ही फ्रीमाँटच्या, म्हणजे अल्मेडा काउंटी. क्लार्कचं कार्यालय ओकलंडला. त्याच काउंटीतल्या दुसऱ्या नोटरीपुढे शपथ घेऊन कागद टपालानेही पाठवता येतात, पण टपाल उशिरा पोचलं तर दोष तुमचाच. मी म्हणेन प्रत्यक्ष जा. आधी वेळ घ्यावी लागते का ते बघून जा.

सनीवेलची_मावशी
हे अगदी खरं. आमच्या ओळखीतल्या एकीचा लिफाफा आला तेव्हा ती नाशिकला होती, भाचीच्या लग्नाला. परत येईपर्यंत मुदत संपलेली. ठसे, फोटो, अर्ज, सगळं नव्याने. परीक्षेला वर्ष झालं नव्हतं म्हणून निदान ती तरी वाचली.

माझा एक प्रश्न आहे, जरा घरगुती. अळूवडी नोटरी झाल्यावर माझ्या उपयोगी पडेल म्हणून विचारते. आमच्या दिरांची सही हवी आहे एका कागदावर, ते सध्या कोल्हापुरात आहेत. त्यांनी सही करून कागद पाठवला तर? मी सही ओळखते, ती पण त्यांना ओळखेल, कोजागिरीला भेटलेत सगळे. उगाच माणसाला विमानाने बोलवायचं का?

अळूवडी
मावशी, अजून परीक्षाही दिली नाही हो मी. पण निवांत काय म्हणतात ते ऐकायचंय, कारण हे मला रोज विचारलं जाणार आहे असं दिसतंय.

निवांत
नाही. आणि मावशी, रागावू नका, हे 'नाही' मी माझ्या सख्ख्या मामेभावालाही म्हटलेलं आहे.

सही करणारा माणूस नोटरीसमोर सदेह हजर हवा. त्याला पर्याय नाही. वर कॅलिफोर्नियात आणखी एक पेच आहे. १ जानेवारी २००८ पासून केवळ वैयक्तिक ओळखीवर नोटरी करता येत नाही. रोज एकत्र चहा पिणारा शेजारी असला तरी त्याचा वैध पुरावा बघायचा आणि त्याची नोंद वहीत करायची. पुरावा नसेलच तर शपथेवर सांगणारे विश्वासू साक्षीदार, त्याचेही नियम आहेत. 'आपलाच माणूस आहे' हा पुरावा नव्हे.

खोटं ठाऊक असूनही प्रमाणपत्रात खरं म्हणून लिहिलं तर १०,००० डॉलरपर्यंत दंड, कमिशन जाईल ते वेगळं, आणि फौजदारीही होऊ शकते. मागची तारीख घालणं हाही त्यातलाच प्रकार. देवळात, मंडळात, पॉटलकला लोक हसत हसत विचारतात, आणि त्यांना आपण काही वावगं विचारतोय असं वाटतही नाही. वर्गात शिकवतात ते सहा तासांत येतं. ओळखीच्या बाईला चारचौघांत नाही म्हणणं कुणी शिकवत नाही, आणि माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य तेच आहे. बॉण्ड आहे म्हणून शिक्का मारला असं म्हणणारा नोटरी मला भेटलाय. बॉण्ड कुणाचा बचाव करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सनीवेलची_मावशी
रागावले नाही. दिरांना कोल्हापुरातच नोटरीकडे पाठवते. पण तुम्ही जरा घाबरवताच माणसाला.

पेठेतला_वकील
मावशी, त्यांना तिथेच करू द्या. आणि कागद अमेरिकेत वापरायचा असेल तर त्यावर इकडून अपोस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र) लागेल का हे मागणाऱ्या कार्यालयाला आधी विचारा.

उलट बाजूचं सांगतो. तिकडून पुण्या-मुंबईत वापरायला येणारं कुलमुखत्यारपत्र. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ नुसार, मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत नसेल तर ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे करून साक्षांकित झालेलं चालतं. अमेरिका १९८१ पासून आणि भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. म्हणून नोटरीनंतर तिकडच्या राज्याचं अपोस्टिल लावून घ्यावं. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर त्यामुळे निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

मग मुद्रांक. परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घ्यायला, जायचं. कागद कधी आला हे दाखवायला कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. हे मी अशिलांना इतक्यांदा सांगतो, तरी पाकीट कचऱ्यातच जातं.

एक विचारायचं होतं. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या प्रमाणपत्रांवर वर एक चौकट असते, नोटरीने फक्त ओळख तपासली, कागदाचा खरेपणा, अचूकपणा, वैधता नाही, अशा अर्थाची. इथल्या एका बँक अधिकाऱ्याने ती वाचून कागद नाकारला. 'नोटरीच म्हणतोय की खरं नाही!' हे कधीपासून?

निवांत
१ जानेवारी २०१५ पासून. ती चौकट कायद्याने सक्तीची आहे, आम्ही गाळू शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक नोटरीच्या कागदावर ती असते, हे त्या अधिकाऱ्याला सांगा. अपोस्टिल लावलेलं असेल तर समजावणं सोपं जातं. इथे ते सॅक्रामेंटोहून टपालाने किंवा प्रत्यक्ष मिळतं, लॉस एंजेलिसला प्रत्यक्ष. कागदामागे २० डॉलर, खिडकीवर गेलात तर वर हाताळणी शुल्क.

कुलमुखत्यारपत्र आणि घरजमिनीचे कागद असले की वहीत सही करणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा. विसरलात तर २,५०० डॉलरपर्यंत दंड. आपली मंडळी यावर फार चिडतात. 'मी अंगठेबहाद्दर वाटलो का?' शांतपणे शाईचा पॅड पुढे करायचा.

अळूवडी
वहीबद्दल अजून सांगा ना. बँकेत रजिस्टर असायचं, तसंच?

निवांत
तसंच, पण मालकी तुमची. तारीख, वेळ, कसलं नोटरीकाम, कसला कागद, माणसाची सही, ओळख कशी पटवली, फी किती. एका वेळी एकच वही चालू. वही आणि शिक्का कुलपात, आणि किल्ली फक्त तुमच्याकडे. एखाद्या कंपनीत नोकरीला लागलात आणि त्यांनी कमिशनचा, बॉण्डचा सगळा खर्च केला, तरी नोकरी सोडताना वही आणि शिक्का घेऊन निघायचं. साहेबाने 'इथेच ठेवून जा' म्हटलं तरी नाही. नोटरीकाम कायमचं सोडलं तर वह्या ३० दिवसांत काउंटी क्लार्ककडे जमा.

दोन वर्षांनी वकिलाचं पत्र येतं तेव्हा तुम्हाला तो माणूस आठवतही नसतो. त्या वेळी वहीच कामाला येते.

नवी_पालवी
मध्येच विचारते, एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्यांना करता येईल का? माझ्याकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नाही.

निवांत
राज्याच्या अटी वर लिहिल्यात. पण फी घेणं म्हणजे कमाई, आणि ती तुमच्या व्हिसात बसते का हा संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्याचा प्रश्न आहे. वकील नसलेल्या नोटरीने तो सल्ला द्यायचा नाही असं कायदाच सांगतो, त्यामुळे मी इथेच थांबतो. इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि ताई, याच संदर्भात तुमच्यासाठी. उद्या तुम्ही मंडळाच्या अंकात किंवा किराणा दुकानात मराठीत जाहिरात लावलीत, तर त्यात इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत लिहावं लागेल की मी वकील नाही, इमिग्रेशन किंवा इतर कुठल्याही बाबतीत कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. सोबत फीचे दरही. इंग्रजी सोडून कुठल्याही भाषेत जाहिरात करणाऱ्या, वकील नसलेल्या नोटरीला हे लागू आहे. मूळ कारण स्पॅनिश भाषकांची फसवणूक. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ म्हणजे मोठा कायदेपंडित, त्या नावाखाली इथे लोकांना लुबाडलं जायचं.

एडिसनकर
म्हणजे मराठी नोटरीचा मराठी असण्याचा फायदा काय उरला मग?

निवांत
मोठा फायदा आहे. नोटरीला सही करणाऱ्याशी थेट बोलता आलं पाहिजे, दुभाषा वापरू नये असं राज्याची पुस्तिका सांगते. मुलाकडे राहायला आलेल्या आजी, इंग्रजी येत नाही, मराठीतलं मुखत्यारपत्र. इंग्रजी नोटरी त्यांना परत पाठवतो. सून मध्ये बसून सांगते म्हणाली तरी नाही, कारण आजींची मर्जी आहे की सुनेची, हे त्याला कळणार कसं? तुम्ही आजींशी मराठीत बोलू शकता. कागद मराठीत असला तरी चालतो, प्रमाणपत्र मात्र इंग्रजीत. अशा वेळी मी घरच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवतो आणि विचारतो, 'आजी, हा कशाचा कागद आहे?' बहुतेक आजी मुलांपेक्षा नीट सांगतात. एकदा एका आजोबांनी सांगितलं, 'माहीत नाही, सही कर म्हणाले.' वही मिटवली आणि निघालो. मुलगा गाडीपर्यंत भांडत आला.

आजींना लिहिता येत नसेल तर अंगठ्यावर भागतं, पण दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातल्या एकाने अंगठ्याशेजारी आजींचं नाव लिहायचं. शिवाय ओळखीसाठी भारतीय पासपोर्ट चालतो, चालू असलेला किंवा पाच वर्षांत दिलेला.

सनीवेलची_मावशी
आणि पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला? दर नोव्हेंबरला आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या आईवडिलांची धावपळ असते.

निवांत
तो नाजूक आहे. भारतातल्या छापील नमुन्यात लिहिलेलं असतं, 'मी या व्यक्तीला पाहिलं, ती हयात आहे असं प्रमाणित करतो.' इथला नोटरी स्वतःच्या नावावर असं प्रमाणित करू शकत नाही, त्याला तो अधिकारच नाही. मार्ग असा, की निवृत्तिवेतनधारकाने स्वतः शपथेवर लिहायचं की मी हयात आहे, आणि नोटरीने ती शपथ देऊन सही घ्यायची. इथे एक फरक लक्षात ठेवा, परीक्षेतही विचारतात. शपथेचा कागद असेल तर सही नोटरीसमोरच करायची. नुसती सहीची कबुली असेल तर आधी केलेली सहीही चालते, पण माणूस समोर येऊन 'ही माझीच' म्हणाला पाहिजे. वडिलांच्या बँकेला हा नमुना चालतो का हे आधी विचारून घ्या. काही शाखा घेतात, काही मूळ नमुन्यावरच अडून बसतात.

हिशेबी
सगळं ठीक, पण मिळतं किती? कुणी बोलतच नाहीये.

निवांत
कॅलिफोर्नियात एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. घरी जायचं तर प्रवासखर्च वेगळा, त्यावर कायद्याने आकडा घातलेला नाही, मात्र आधी ठरवून घ्यायचा. २०२०-२१ मध्ये व्याजदर पडले होते, लोक रांग लावून गृहकर्जं बदलत होते, तेव्हा कर्जाच्या कागदांवर सह्या घेणाऱ्यांची चांदी झाली. ते बघून पुष्कळ लोक या धंद्यात उतरले. पुढे दर चढले आणि ते काम आटलं. 'महिन्याला अमुक हजार कमवा' म्हणून महागडे कोर्स विकणारे अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. राज्याला लागतो तेवढा सहा तासांचा पुरे. इस्पितळं, वृद्धनिवास, भारतात जाणारे कागद यांत थोडं थोडं पण टिकाऊ काम आहे. एकट्या यावर घर चालणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अन् आता तर लोक व्हिडिओवर नोटरी करतात. टेक्सासमधून होते ते.

निवांत
कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केलाय, पण इथल्या नोटरींना प्रत्यक्ष ऑनलाइन काम करता यायला २०३० उजाडू शकतं. तोवर आम्ही शाईवालेच.

पेठेतला_वकील
पुण्याला पाठवायचा कागद असेल तर शाईच बरी.

अळूवडी
खूप माहिती मिळाली. पुढच्या महिन्यातल्या परीक्षेला नाव घालतेय. दोन शंका राहिल्यात. नवऱ्याच्या मुखत्यारपत्रावर मी शिक्का मारू शकते का? आणि माझं नाव पासपोर्टवर एक, लायसन्सवर एक. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आहे, लायसन्सवर ते पहिल्या नावाला चिकटून आलंय, बँकेत नुसतं आद्याक्षर. अर्ज कुठल्या नावाने भरू?

निवांत
नवऱ्याचं नको. कायदा नातेवाइकांचं काम सरसकट अडवत नाही, पण ज्यात तुमचा आर्थिक हितसंबंध आहे तो कागद तुम्हाला चालत नाही. कॅलिफोर्नियात नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात, त्यामुळे नवऱ्याच्या घराच्या कागदात तुमचा हितसंबंध जवळपास नेहमीच निघतो. दुसऱ्या नोटरीला १५ डॉलर देऊन मोकळे व्हा.

नावाचं आधी निस्तरा. परीक्षेला जाल तेव्हा ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळायला हवं. कमिशन ज्या नावाने निघेल अगदी त्याच नावाने बॉण्ड, त्याच नावाने शपथ, तेच नाव शिक्क्यावर. बॉण्ड कंपनीला नाव फोनवर सांगू नका, कमिशनच्या पत्राची प्रत पाठवा. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असलं की क्लार्क कागद परत करतो, आणि दुरुस्त बॉण्ड येईपर्यंत तीस दिवस चालूच असतात. लायसन्स बदलायचं असेल तर परीक्षेचे पैसे भरायच्या आधी डीएमव्हीत (वाहन परवान्यांच्या कार्यालयात) जाऊन या.

अळूवडी
डीएमव्हीची गुरुवारची वेळ मिळाली. तिथे नवऱ्याचं नाव वेगळं लिहून मागू की काढूनच टाकू?

सनीवेलची_मावशी
पासपोर्टप्रमाणे ठेव गं. मी काढून टाकलं होतं, आता दर वेळी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करत बसते.